गडग्यापलीकडचं पत्र

मित्रांनो, चिऱ्यावर चिरा रचून मला उभं केलं, तेव्हा मध्ये ना चुना घातला ना सिमेंट. अशा कुंपणाला आमच्याकडे गडगा म्हणतात. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत तुरुंगाची शेती आणि सुनंदाच्या घरामागचं परसू यांच्यामध्ये मी आहे. ढोरं अडवायची, एवढंच माझं काम. ते मी चोख केलं, म्हणून दोन्हीकडची माणसं मला नावाजत.

सुनंदाचा नवरा मुंबईला कामाला. घरात एकटी बाई, म्हणून ती मुलीला माझ्याजवळ फिरकू देत नसे. तरी दहा वर्षांची ऋतिका शाळेतून आली की यायचीच. पलीकडे रामा नावाचा कैदी काकडीच्या वेलांना पाणी घालता घालता तिला पाढे विचारी. त्याची मुलगी तिच्याच वयाची होती, दूर वसतिगृहात.

एके दिवशी त्याने माझ्यावरून मुलीच्या नावाचं एक पाकीट पुढे केलं. कचेरीतून पत्र गेलं की त्यावर तुरुंगाचा शिक्का बसे आणि तो मुलीच्या मैत्रिणींनी बघू नये, असं त्याला वाटत होतं.

"बाय, पेटीत टाकशील?"

ऋतिका हो म्हणाली. पण पाकीट सुनंदाला दप्तरात सापडलं. ती हबकली आणि तुरुंगाच्या साहेबांना घेऊन आली. माझ्याजवळच चौकशी झाली. रामा चार पावलांवर उभा होता.

"धमकावलंन काय गो तुला?" सुनंदाने विचारलं.

 ओरडा बसेल या भीतीने ऋतिकाने मान हलवली, हो म्हणून. रामा खाली बघत राहिला. त्याला आत नेलं, तो पुन्हा शेतावर दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी ऋतिकाने आईला खरं काय ते सांगितलं. आता गप्प बस, लोक काय म्हणतील, असं सुनंदा म्हणाली. पोर गप्प बसली, पण माझ्याकडे यायची ती कायमची थांबली.

पुढे माझे चिरे ढासळले, कुणी बसवले नाहीत. यंदा मे महिन्यात ऋतिका माहेरी आली. ती आता शिक्षिका आहे. सकाळीच ती तुरुंगाच्या कचेरीत गेली आणि उन्हातून परत आली. रामा केव्हाच सुटून गेला होता, पत्ता कुणापाशी नव्हता. तरी, रामाने आपल्याला धमकावलं नव्हतं, असं तिने सहीनिशी लिहून दिलं होतं.

हे लेकीच्या तोंडून ऐकून सुनंदा माझ्या एका पडलेल्या चिऱ्यावर बसली.  मग म्हणाली, "माझं पण नाव घालायचंस. गप्प मी केलं तुला."

मित्रांनो, जमलं तर माझे चिरे पुन्हा बसवा, ढोरं भातात शिरतात. आणि घरातलं मूल उशिरा का होईना, खरं सांगायला आलं, तर त्याला गप्प करू नका. त्याचा हात धरा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर जा.