माझ्या दांड्याला बांधलेली पट्टी

“आधी काच ओली कर, मग त्याला चालव. कोरड्या काचेवर घासायला लावलंस तर काचेला चरे पडतील आणि त्यालाही त्रास. गाडी बोलत नाही, म्हणून तिला काही होत नाही असं नसतं.”

हे बाईंचे शब्द. नुकतीच गाडी शिकू लागलेल्या आपल्या लेकीला त्या सांगत होत्या आणि काळजी चालली होती ती माझी. मित्रांनो, मी एका जुन्या मोटारगाडीचा वायपर आहे. माझ्याबद्दल इतक्या मायेने कोणी बोललेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. लेकीनेही मान हलवली होती. ती मान हलवणे मला अजून आठवते, म्हणूनच पुढचे सगळे जास्त लागले.

तुम्हाला काचेवर दिसतात ते माझे नुसते हात. खरा मी राहतो आत, डॅशबोर्डच्या मागच्या अंधारात. तिथे माझी मोटर आहे आणि तिला एकापुढे एक जोडलेले दोन लांब दांडे आहेत. मोटर गोल गोल फिरते, दांडे पुढे-मागे होतात आणि हात काचेवर डावी-उजवीकडे हलतात. मोटर आणि तिच्या लगतचा दांडा यांची जोडी धरून ठेवते एक क्लिप, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. ती निघाली की मोटर एकटीच फिरत राहते आणि हात काचेवर निपचित पडतात. एवढे नीट लक्षात ठेवा.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. एका लांब शेडमध्ये एका कामगार बाईने माझ्या दात्यांमध्ये बोटाने ग्रीस भरले, झाकण लावले, मला चालवून पाहिले आणि “बरं आहे” म्हणून पुढे सरकवले. शाबासकी म्हणावी तर तेवढीच.

खरे आयुष्य सुरू झाले ते बाईंकडे. त्या नर्स होत्या. कोणाच्या घरी बाळ यायचे असले की निरोप यायचा, आणि बाई आपली बॅग घेऊन गाडीत बसायच्या. बाळांना आभाळ बघून यायची सवय नसते. बाहेर धो धो कोसळत असायचे, दिव्यांपुढे पाण्याची भिंत असायची आणि त्या भिंतीत दोन अर्धगोल उघडे ठेवायचे काम माझे. बाई पुटपुटत राहायच्या, “चल बाबा, थांबू नकोस, थांबू नकोस.” त्या मला सांगत होत्या की देवाला, ते मी कधी विचारले नाही. मी थांबलो नाही, एवढे मात्र खरे.

नोकरी संपली, तरी बाईंचा एक नेम राहिला. दर रविवारी नदीपलीकडच्या टेकडीवर त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचे. ताईंना पायांमुळे घर सोडता येत नसे. बाई जायच्या, ताईंचे केस धुऊन द्यायच्या, नखे कापायच्या आणि दोघी दिवसभर एकमेकींवर चिडून आनंदात असायच्या. पाऊस असो, धुके असो, तो रविवार चुकला नाही. बाईंच्या नेमात माझाही वाटा होता, आणि मित्रांनो, मला त्याचा अभिमान होता.

पुढे मी थोडा मंदावलो. आतले ग्रीस जुने होऊन मेणासारखे घट्ट झाले होते. बाई डॅशबोर्डवर बोटे वाजवून म्हणायच्या, “दमलास होय? मीही दमले.” त्यांची नजरही कमी झाली होती. एकदा रिमझिम पावसात समोरून सायकलवाला आला. तो मला दिसला, शेजारी बसलेल्या लेकीला दिसला, बाईंना दिसला नाही. लेक ओरडली, बाईंनी ब्रेक दाबला, सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

“आई, तुला दिसला नाही का तो?”

“दिसला की. मध्येच आला मेला.”

लेक पुढे काही बोलली नाही. तिथेच बोलायला हवे होते.

त्यानंतर एका दुपारी बाई आत झोपल्या असताना लेक पोर्चमध्ये आली. हातात स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड. तिने डॅशबोर्डखालचे झाकण उघडले आणि माझ्यावर उजेड पडला. मला वाटले, ही मला साफ करायला आली. आईचीच लेक, जुने ग्रीस काढील, नवे भरील. मी मनातल्या मनात अगदी हरखून गेलो.

तिने पकडीने क्लिप काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

दांडा सुटून लोंबकळला. तो खडखडेल, कोणी आत बघेल, हे तिच्या लक्षात आले असावे. तिने आईच्या बॅगेतून जखमेला बांधायची पांढरी पट्टी आणली आणि दांडा बाजूला ओढून घट्ट बांधून टाकला. किती निगुतीने बांधला म्हणून सांगू. मला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. त्या काळजीचेच मला आजही वाईट वाटते. तोडायचे होते तर सरळ तोडायचे.

पुढच्या रविवारी आभाळ भरलेले होते. बाईंनी माझे बटण फिरवले. मोटर घूं घूं करत फिरली. हात हलले नाहीत. त्यांनी पुन्हा फिरवले. मी जीव तोडून फिरत होतो, मित्रांनो. मी बिघडलेलो नाही, मला सोडवा, एवढेच माझे म्हणणे होते. पण मोटरला एकच सूर येतो. त्यात कोणाचे नाव सांगता येत नाही.

लेक दारात उभी होती. म्हणाली, “मोटर गेली असेल गं. मी पान्याला दाखवते.”

पान्या म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. लेकीने गाडी बाहेर काढली, कोपऱ्यापर्यंत नेली, एका झाडाखाली थोडा वेळ उभी केली आणि परत आणली. “पान्या म्हणतो, ह्या मोटरचे भाग आता कुठेच मिळत नाहीत.”

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, “इतकी वर्षं ऐकलंस माझं. आणि आता, ताईकडे जायच्या वेळी, दगा दिलास.”

मी दगा दिला. मी.

वायपर चालत नसेल तर दुरुस्तीखेरीज गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही, हा बाईंचा नियम होता आणि आभाळ स्वच्छ असले तरी त्या तो मोडत नसत. बसने जावे तर थांबा टेकडीच्या पायथ्याशी, आणि चढ त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. “मी नेईन ना तुला,” लेक म्हणाली. दोनदा तिने भाड्याची गाडी बोलावून नेलेही. मग तिच्या ऑफिसात काम वाढले. मग पाहुणे आले. मग रविवार नुसते येऊ-जाऊ लागले.

पोर्चवरच्या खिडकीतून मला बाईंचे फोन ऐकू यायचे. ताईंना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावलेला असायचा. एकदा ताई म्हणाल्या, “तुला यायचं नसेल तर तसं सांग बाई. गाडीच्या नावावर कशाला ढकलतेस?”

“अगं, खरंच बंद आहे गाडी.”

“हो, हो. माझे पाय बंद, तुझी गाडी बंद. छान आहे.”

त्यानंतर ताई फोनवर यायच्याच बंद झाल्या. झोपल्यात, अंघोळीला गेल्यात, असे त्यांची कामवाली सांगायची. आधी माझ्या एकट्यावर दोष ठेवला होता, आता बाईंवरही ठेवला गेला. मी पोर्चमध्ये, बाई खिडकीत, दोघेही तसेच अडकून राहिलो.

एके सकाळी पान्या स्वतः आला. त्याच्या आईचे ब्लडप्रेशर बघायला बाईंना बोलवायला.

“येते,” बाई म्हणाल्या, “पण तू माझ्या वायपरपुढे हात टेकलेस, ते काही बरं केलं नाहीस.”

“कोणता वायपर?”

“भाग मिळत नाहीत म्हणालास ना?”

“मी? बाई, तुमची गाडी माझ्या दारात आलीच नाही. आली असती तर मी नाही म्हणालो असतो का? तुमच्या हातावर जन्मलोय मी.”

“उलटा जन्मलास. आधी पाय. म्हणून तर जन्मभर गाडीखालून पाय बाहेर काढून पडलेला असतोस.”

पान्या हसला. बाई हसल्या नाहीत. त्या गाडीकडे बघत होत्या.

पान्याने डॅशबोर्डखालचे झाकण उघडले, टॉर्च मारला आणि त्याचेही हसू थांबले. “क्लिप नाहीये. पडलेली नाही, कोणीतरी काढलीय. आणि दांडा बांधून ठेवलाय.”

“बघू,” बाई वाकल्या. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी जवळून पाहिले. सपाट गाठ. दोन्ही टोके सारखी कापलेली, एकही धागा सुटलेला नाही. तशी गाठ त्या घरात दोघींनाच येत होती, आणि एकीने दुसरीला शिकवली होती.

पान्याने वर बघितले, मग खाली बघितले. म्हणाला, “उद्या करू का बाई?”

“आत्ता कर.”

त्याने मला बाहेर काढले. रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने दात्यांतले घट्ट ग्रीस खरवडले, नवे भरले, दांड्यांचे सांधे पुसून तेल दिले आणि नवी क्लिप टक्कन बसवली. हात मात्र त्याने लगेच लावले नाहीत. आधी मोटर नुसती चालवून बंद केली, आणि ती आपल्या थांबायच्या जागी येऊन थांबल्यावर मगच हात काचेच्या तळाशी आडवे बसवले. तसे केले नाही तर हात भलतीकडे जाऊन काचेच्या कडेवर आपटतात. मग त्याने काचेवर पाणी ओतले आणि बटण फिरवले.

मी चाललो. तरुणपणी चालत होतो तसा. मला वाटले, आता बाई दोन शब्द बोलतील, तुझ्यावर उगाच आळ घेतला म्हणतील. त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या मुठीत पट्टी होती आणि लक्ष फाटकाकडे होते.

लेक संध्याकाळी ऑफिसातून आली. बाईंनी मूठ उघडली. लेकीने पट्टी पाहिली, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचीही ती विसरली.

“तुझे डोळे गेलेत आई. त्या दिवशी माणूस मेला असता.”

“मग तसं सांगायचं.”

“तू ऐकलं असतंस? किल्ली दिली असतीस?”

बाईंनी जरा विचार केला. “नसती दिली. भांडले असते, रडले असते, आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते. पण तेवढं भांडण माझ्या हक्काचं होतं. ते तू मला दिलं नाहीस. मी ह्या मुक्या गाडीला बोल लावत बसले, आणि ताई मला.”

लेक रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतले नाही. हळू आवाजात म्हणाल्या, “आता मी चालवणार नाही. नाही दिसत मला, खरंय ते. उद्या रविवार आहे. तू जा ताईकडे. एकटी जा, आणि काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग.”

“तूही चल ना.”

“मी आले तर तिच्यासमोर तुला झाकून घेईन. आई आहे मी. म्हणून येत नाही. पुढच्या रविवारी ने मला, ती ये म्हणाली तर.”

डोळे पुसून लेक म्हणाली, “सांगेन. सगळं सांगेन.”

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला उपदेश करता येत नाही, तरी एक मागतो. आम्हाला तेलपाणी करा, पुसा, वेळेवर दुरुस्त करा, ते तर कराच. पण जी गोष्ट माणसाने माणसाला सांगायची असते, ती आमच्या गळ्यात बांधू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. आमच्यावर आलेला आळ आम्हाला पुसता येत नाही. दुरुस्त झाल्यावरही तो आत कुठेतरी राहतो, नव्या ग्रीसच्या खाली.

सकाळी बारीक पाऊस होता. बाईंच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता, पण त्यामागे त्या उभ्या होत्या. लेक गाडीत येऊन बसली. शेजारच्या सीटवर तिने ताईंसाठी केसांच्या तेलाची बाटली आणि नखे कापायची कात्री ठेवली.  तिचे ओठ हलत होते, बहुतेक पहिले वाक्य जुळवत होती. मग तिने माझे बटण फिरवले.

यंत्राला रुसायची सोय नसते. मी काच पुसली. तिने फाटकातून गाडी हळूच बाहेर काढली आणि नदीकडच्या रस्त्याला लावली.