माइकपुढचे मामा

स्टुडिओत सगळे तिला टिल्ली म्हणायचे. एका जपानी कार्टूनमधल्या छोट्या वैमानिकाला तिने आवाज दिला, तेव्हा ती ऐन पंचविशीत होती; आता साठीला टेकली आहे. मालिका इतक्या वर्षांनी नव्याने काढलीय, आणि वैमानिक अजून बारा वर्षांचाच आहे. तो आवाज आपल्याकडेच राहावा म्हणून ती चाचणीला आली होती. सोबत मामा होते, स्टुडिओत सगळ्यांचेच मामा. जुन्या मालिकेत लोखंडी राक्षसाचा आवाज त्यांचा होता. नव्या राक्षसाचा आवाज कॉम्प्युटरवर तयार होणार होता, त्यामुळे मामांना कोणी बोलावलं नव्हतं.

दिग्दर्शक चाळिशीचा. "मावशी, टीव्हीवर तुमचा आवाज लागल्याशिवाय मी जेवायचो नाही," तो म्हणाला.

"तब्येतीवरून दिसतंय, रोज लागायचा," मामा म्हणाले.

त्याने आधी नवा प्रसंग दाखवला. जुन्या चित्रात रेषा थरथरायच्या, विमानाचा लाल रंग दर भागात थोडा बदलायचा, तेच चार ढग फिरून फिरून यायचे. इथे सगळं लख्ख होतं.

"छान आहे," टिल्ली म्हणाली. "पोरगं पार्लरमधून आल्यासारखं दिसतंय, एवढंच."

मग ती काचेच्या खोलीत एकटी माइकपुढे उभी राहिली. "थांबा, मी आलोय." शब्द बरोबर, ओठांशी मेळ बरोबर. दिग्दर्शकाने जुनं रेकॉर्डिंग लावलं.

"यात तो खरंच धावत आल्यासारखा वाटतो," तो म्हणाला.

"मीच धावत यायचे रे. तेव्हा सगळ्यांत मिळून एक माइक. हे पुढे उभे, आणि यांचं वाक्य संपलं तरी जागचे हलायचे नाहीत. मी मागून यायचे, यांना ढकलायचे आणि बोलायचे."

"माझं वजन होतं तिथे," मामा म्हणाले.

"ते अजून आहे."

मामा उठले, आत गेले आणि हाताची घडी घालून माइकपुढे उभे राहिले. टिल्ली दारापर्यंत मागे सरली, धावली, त्यांना खांद्याने बाजूला सारलं. "थांबा, मी आलोय."

ती धाप जशीच्या तशी आली. दिग्दर्शक लहान मुलासारखा हसला. त्याने ते पुन्हा लावलं, मग आणखी एकदा, आणि हळूहळू त्याचं हसू गेलं. तो समोरच्या बटणांशी उगाच चाळा करू लागला.

"धाप तीच आहे," टिल्लीच म्हणाली. "पोरगा म्हातारा झालाय. बाहेर ती मुलगी चाचणीला येऊन बसलीय ना, तिला बोलाव."

मुलगी कॉलेजातली वाटत होती. टिल्लीने हेडफोन तिच्या हातात दिला.

"जुनी मालिका पाहिलीस?"

"आईने पाहिलीय. ती अजून नक्कल करते."

टिल्लीने पर्स उचलली. "चला मामा."

मामा माइकपुढून हलले नाहीत.

"मामा, आपलं वाक्य संपलं."

"मग? कधी हललो होतो?"

मुलगी गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा टिल्लीकडे बघत राहिली. दिग्दर्शकाने काचेपलीकडून रेकॉर्डिंग सुरू केल्याची खूण केली. टिल्लीने पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवली, मुलीला दंडाला धरून दारापर्यंत मागे नेलं.

"इथून धाव," ती म्हणाली. "आणि खांदा लाव. नुसत्या हाताने ते हलत नाहीत."