लेकरांची टेकडी

रामटेकचा गड मागे टाकून उत्तरेकडे निघालं, की थोड्या वेळाने धानाची शेतं संपतात आणि लाल मुरमाची जमीन लागते. तिथे एका बुटक्या, लांबट टेकडीच्या पायथ्याशी सातपिपरी होती. गावाच्या मधून नाला वाहायचा. नाल्याच्या अलीकडे जुनं गाव, कुणब्या-तेल्यांची कौलारू घरं, रविवारचा बाजार आणि पिठाची चक्की. पलीकडे बौद्धांचा मोहल्ला. छप्पन साली तिथली सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि आल्यावर त्यांनी आधी एक लहानसं विहार बांधलं होतं. या दोन्ही वस्त्यांपासून दूर, मँगनीजच्या खदानीला चिकटून टिनाच्या छपरांची ‘लाईन’ होती. बालाघाट आणि छत्तीसगडकडून आलेले मजूर तिथे राहायचे. खदान जोरात असली की लाईन भरायची आणि मंदी आली की रिकामी व्हायची, म्हणून गावात माणसं किती हे कोणालाच नीट सांगता यायचं नाही. अडीच हजार असतील, असं लोक म्हणत.

मोठं माणूस मेलं तर ज्याची त्याची मसणवट वेगळी होती. लेकरं मात्र टेकडीवरच पुरायची, कारण गावात दुसरीकडे कुठे कुदळ चालेल अशी मोकळी जमीन नव्हती. तिथेही भेद होताच. टेकडीच्या वरच्या अंगाला जुन्या गावाची लेकरं, खालच्या अंगाला नाल्यापलीकडची, आणि मधे दगडांची एक ओळ. बायकांनी तिथे जायचं नाही अशी रीत होती. बाप लेकरू हातावर घेऊन जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा.

जुन्या गावातल्या अंजनाबाईची थोरली मुलगी दुर्गी देवीच्या साथीत गेली. चार वर्षांची होती. त्या वर्षी दोन्ही वस्त्यांमधून रोज कोणी ना कोणी टेकडीकडे जात होतं. अंजनाबाईचा नवरा चंपतराव स्वतः तापाने फणफणलेला होता, तरी तोच पोरीला घेऊन गेला, कारण सोबतीला यायला भाऊबंदांपैकी कोणी तयार झालं नाही. अंधार पडल्यावर तो परत आला आणि म्हणाला की वरच्या अंगाला मोहाच्या झाडाखाली ठेवली. त्यानंतर या गोष्टीवर घरात बोलणं झालं नाही. पुढे दुसरी मुलगी झाली, शोभा. ती वाढली आणि लग्न होऊन नागपूरजवळ वाडीला गेली. तिचा नवरा तिथल्या गोदामात ट्रक भरायच्या कामावर होता.

चंपतराव खदानीत सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या गँगचा मुकादम होता. अंजनाबाई ढिगावर काम करायची. हातोडीने दगड फोडायचा, माती झटकायची, काळा जड दगड एका बाजूला आणि फोकट माल दुसऱ्या बाजूला. तिच्या शेजारी वर्षानुवर्षं नाल्यापलीकडची इंदूबाई बसायची. तिचा नवरा साथीतून उठला, पण पुढे दोन-तीन वर्षांतच वारला होता. दोघींचं बोलणं ढिगापुरतं होतं. घरी जाणं-येणं नव्हतं, आणि दुपारी भाकर सोडताना अंजनाबाई थोडी सरकून बसायची.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर खदानीच्या साहेबाने सरपंच नानाजींना बोलावून घेतलं. जुन्या खड्ड्यातला माल संपत आला होता. मँगनीजची पुढची धार टेकडीखाली जात होती. टेकडी मिळाली तर खदान चालेल, नाही तर बंद करावी लागेल, असं साहेबाने सरळ सांगितलं. लेकरांसाठी नाल्याकाठची खदानीच्या मालकीची जागा देतो, म्हणाला. नानाजींच्या ओसरीवर बैठक झाली. नाल्यापलीकडची दोन माणसंही बोलावली होती. ती अंगणात उभी राहिली. कोणी जास्त बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात खदानीचाच पैसा येत होता. साहेबाचा माणूस म्हणून सगळ्यांनी चंपतरावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि मग बाकीच्यांनीही हलवली.

अंजनाबाईला हे दुसऱ्या दिवशी ढिगावर इंदूबाईकडून कळलं. संध्याकाळी चंपतराव घरी आला, हातपाय धुवायला बसला, तेव्हा तिने विचारलं.

“टेकडी देल्ली म्हणे तुमी.”

“मी कोण देणारा? सगळ्यायनं देल्ली.”

“दुर्गी हाये ना तिथं.”

चंपतरावाने हातपाय धुऊन घेतले. मग त्याने तिला समजावलं. इतक्या वर्षांत मातीत काही उरत नाही, म्हणाला. खदान बंद झाली तर आधी लाईन उठेल, लाईन उठली की बाजार उठेल, आणि मग आपणही. अंजनाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“मले जागा दाखवून द्या,” ती म्हणाली. “मी तिले उचलून आणीन.”

बायका तिथे जात नाहीत, असं तो म्हणाला. तिथे आता मशीन जाणार, मग बाई गेली तर काय बिघडते, असं तिने विचारलं.

हे बोलणं एका घरातलं राहिलं नाही. चार-दोन दिवसांत गावातल्या बऱ्याच बायका तेच म्हणू लागल्या. नानाजींनी साहेबाला विचारलं आणि साहेबाने दिवाळीपर्यंत मुदत दिली. मग एका सकाळी बायका फावडी-कुदळी घेऊन टेकडीवर चढल्या. त्यातल्या कितीतरी पहिल्यांदाच तिथे येत होत्या. नवऱ्याने, सासऱ्याने किंवा दिराने सांगितलेल्या खुणा त्या शोधत होत्या आणि त्या खुणा राहिल्या नव्हत्या. दगडांची ओळ गुरांनी आणि पावसाने विस्कटून टाकली होती. लाल माती लेकरांची हाडं ठेवत नाही. एकीला काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला, एकीला करदोड्याची पितळी घुंगरी. बहुतेकींना काहीच सापडलं नाही. त्यांनी ओंजळभर माती पदरात बांधली आणि खाली उतरल्या.

चंपतरावाने अंजनाबाईला मोहाच्या झाडाखाली नेलं आणि स्वतःच कुदळ चालवायला लागला. वीतभर माती निघाली आणि खाली घट्ट मुरूम लागला. अंजनाबाई खदानीतली बाई. एकदा उकरून परत भरलेली जमीन आणि कधीच हात न लागलेला मुरूम यातला फरक तिला दिसत होता. इथे कोणी कधी खणलंच नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान वर न करता घाव घालत राहिला.

“पुरे करा,” ती म्हणाली. तो थांबला, घाम पुसला आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसला.

खालच्या अंगाला इंदूबाई खणत होती. तिने अंजनाबाईला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. अंजनाबाई उतरून गेली.

“तुही पोरगी इथं हाये,” इंदूबाई हळूच म्हणाली. “माह्या सिधूच्या बाजूले.”

अंजनाबाईला आधी समजलंच नाही. मग इंदूबाईने सांगितलं. त्या वर्षी तिचा नवराही देवीनेच अंथरुणाला खिळला होता, मोहल्ल्यात धडधाकट माणूस उरलं नव्हतं, म्हणून पोराला घेऊन ती एकटीच आली होती. तिचं पुरून झालं तेव्हा चंपतराव वर, मोहाच्या झाडाच्या बराच पलीकडे, खणत होता. ताप असा, की त्याला उभं राहता येत नव्हतं. तिथे सगळा दगड. त्याच्या कुदळीचा दांडा मोडला. मग तो दगडांची ओळ ओलांडून खाली आला, कारण खाली माती मऊ होती, आणि इंदूबाईने तिची कुदळ त्याला दिली. जाताना त्याने हात जोडून सांगितलं, की हे कोणाला कळू देऊ नको, भाऊबंद वाळीत टाकतील.

“इतके वर्षं माह्यासंगं बसली,” अंजनाबाई म्हणाली. “काहून नाई सांगतलं?”

“त्यायनं हात जोडले होते. अन् तू रोज जेवतानी सरकून बसे. कसं सांगू?”

अंजनाबाई खाली बसली आणि हातानेच माती काढू लागली. दोघी मिळून खणत राहिल्या. जी थोडी हाडं निघाली त्यांच्यात तेंदूची मुळं शिरली होती आणि त्या मुळांनी सगळं एकमेकांत ओढून घेतलं होतं. यातलं कोणतं दुर्गीचं आणि कोणतं सिधूचं, ते दोघींनाही ओळखता आलं नाही. अंजनाबाईने सोबत आणलेलं जुन्या लुगड्याचं फडकं पसरलं. सगळं त्यातच बांधलं.

नाल्याकाठच्या नव्या जागेवर नानाजी उभे होते. चुन्याची रेघ मारून त्यांनी जागेचे दोन भाग केले होते. लेकरू वरच्या अंगाचं की खालच्या, असं ज्या त्या बाईला ते विचारत होते आणि बोटाने बाजू दाखवत होते. अंजनाबाई आणि इंदूबाई एकच गाठोडं घेऊन आल्या तेव्हा ते गोंधळले. हे कोणाचं, त्यांनी विचारलं. दोघींचं, अंजनाबाई म्हणाली. खालून निघालेलं खालच्यांच्या बाजूला जाईल, नानाजी म्हणाले, आणि मग मागून येणाऱ्या चंपतरावाला त्यांनी विचारलं, “चंपतराव, तुमची पोरगी त वरच्या अंगाले होती ना?”

भोवती बरीच माणसं होती. चंपतरावाचे दोन्ही भाऊ होते, गँगमधली पोरं होती. अंजनाबाईने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

“होय,” चंपतराव म्हणाला. “वरतंच होती. भेटली नाई.”

इंदूबाईने गाठोड्याचं एक टोक धरलं होतं, दुसरं अंजनाबाईने धरलं, आणि दोघी चुन्याची रेघ ओलांडून पलीकडे गेल्या. कोणी अडवलं नाही. खड्डा इंदूबाईच्या पुतण्याने खणला. माती लोटून झाल्यावर अंजनाबाई तिथेच बसून राहिली. सगळी माणसं निघून गेल्यावर ती घरी आली आणि चूल पेटवली.

त्या दिवसापासून विहिरीवर बायका तिला जागा करून देत, म्हणजे दूर सरकत. दिरांनी येणं सोडलं. पुतणीच्या लग्नाचं बोलावणं चंपतरावाला एकट्याला आलं आणि तो एकटाच गेला. परत आल्यावर त्याने पानात बांधून आणलेले बुंदीचे लाडू तिच्यापुढे ठेवले. ते तिने गाईला घातले. भांडण असं झालं नाही. ती त्याला वेळेवर वाढत होती, कपडे धूत होती, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

दिवाळीनंतर टेकडीवर पहिला सुरुंग लागला. भोकं चंपतरावाच्या गँगनेच पाडली. भोंगा झाला तेव्हा ढिगावरच्या बायका हातोड्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. टेकडीचा एक खांदा वर उचलल्यासारखा झाला आणि खाली बसला. मग बराच वेळ लाल धूळ गावावर येत राहिली. आठवड्याभराने तिथला दगड ढिगावर यायला लागला आणि बायकांनी तो फोडायला घेतला, कारण दुसरं काम नव्हतं. काही बायका दगड हातात घेतल्यावर आधी कपाळाला लावायच्या. अंजनाबाईने तसं केलं नाही. दुपारी मात्र ती इंदूबाईच्या शेजारी बसून जेवायला लागली आणि त्यावरूनही गावात बोलणं झालं.

टेकडीखाली जेवढा माल आहे असं साहेब म्हणाला होता, तेवढा निघाला नाही. धार वाकडी गेली आणि पातळ झाली. चौथ्या वर्षी खदान बंद पडली. आधी लाईन उठली. टिनं लोकांनी काढून नेली, नुसत्या भिंती राहिल्या. मग रविवारचा बाजार बारीक होत गेला आणि एका उन्हाळ्यात भरलाच नाही. चक्कीवाला कामठीला गेला. मागोमाग घरं बंद व्हायला लागली. चंपतरावाची छाती तोवर खदानीच्या धुळीने निकामी झाली होती. चार पावलं चालला की तो भिंतीला टेकायचा. शोभा येऊन दोघांना वाडीला घेऊन गेली. अमरावती रोडला लागून, गोदामांच्या मागे, एका खोलीत ती राहायची. दिवसभर ट्रक हलायचे, खोलीच्या भिंती थरथरायच्या. चंपतराव खाटेवर पडून असायचा.

इंदूबाई गावातच राहिली. दसऱ्याला मोहल्ल्यातली माणसं ट्रक करून दीक्षाभूमीवर जायची. अंजनाबाई वाडीला आल्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला इंदूबाई दीक्षाभूमीवरून वेळ काढून पत्ता विचारत विचारत तिच्या दाराशी आली. अंजनाबाईने तिला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. इंदूबाई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. जे सांगायचं होतं ते तिच्याकडून निघत नव्हतं. शेवटी अंजनाबाईनेच नाल्याकाठच्या जागेचं विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. खदानीचा खड्डा आता पाण्याने भरला होता. या पावसाळ्यात तो तुंबला, त्याची कड फुटली आणि पाणी नाल्यात आलं. नाल्याने जुनी वाट सोडली आणि काठ कापत गेला. चुन्याच्या रेघेच्या इकडची जागा गेली, तिकडचीही गेली. सकाळी पाहिलं तर तिथे नुसतं पाणी होतं.

अंजनाबाई स्टोव्हजवळ उभी होती. चहा उतू गेला, तो तिने फडक्याने पुसून घेतला. भिंतीकडे तोंड करून पडलेला चंपतराव वळला. टेकडी सोडल्यापासून त्याने पोरीचं नाव घेतलं नव्हतं.

“दुर्गीचंही गेलं?” त्याने विचारलं.

“होय भाऊ,” इंदूबाई म्हणाली. “सगळ्यायचंच गेलं.”

तो परत भिंतीकडे वळला. त्याला खोकल्याची ढास आली आणि ती लवकर थांबली नाही. अंजनाबाईने जाऊन त्याची पाठ चोळली. किती वर्षांनी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, ते तिच्या लक्षात आलं नाही, पण त्याच्या आलं असावं, कारण ढास थांबल्यावरही तो तसाच वाकून बसून राहिला.

मग तिने भाकरी टाकल्या आणि इंदूबाईला वाढलं. आपलंही ताट घेऊन समोर बसली. जेवता जेवता ती गावात कोण कोण राहिलं ते विचारायला लागली. नानाजी एकटेच होते, पोरं नागपूरला सदरमध्ये दुकानात कामाला गेली होती. दिरांची दोन्ही घरं बंद होती. चक्कीची भिंत पडली. नाल्याच्या अलीकडची घरं अशी लवकर संपली, तेव्हा तिने पलीकडची विचारली. पण तिकडच्या घरांची, माणसांची नावं तिला माहीत नव्हती. एवढी वर्षं तिथे राहून ती कधी ठाऊक करून घेतली नव्हती. इंदूबाई विहारापासून सुरुवात करून एकेक घर सांगत गेली, आणि अंजनाबाई जेवण थांबवून ऐकत राहिली.