पातळ लावणी

"अगं शाले, येवढी घाई कसली? वाघ लागलाय का मागं?"

शेजारची धोंडाबाई कमरेवर हात देऊन ओरडली, तरी शालूबाईचा हात काही थांबेना. गुडघाभर चिखलात वाकून ती भाताचं रोप खोचत होती आणि भराभर मागं सरकत होती. भाजे गावच्या त्या खाचरात सकाळपासून पाऊस आडवा झोडपत होता. इरल्याखालून मानेवर पाणी ओघळत होतं. पण शालूबाईचा जीव तिथं नव्हताच. तो कुसगावात, धाकट्या बहिणीपाशी, सरूपाशी होता.

आदल्या दिवशी डोंगरवाडीचा नवशा बांबूचे कोंब विकून लोणावळ्याहून आला, तो दारातूनच सांगून गेला होता.

"मावशी, तुमच्या भनीची भातरोपाची दाढ गेली. ओढा फुटला आन सगळं रोप वाहून नेलं. येक काडी ऱ्हायली न्हाई बगा."

सरूचा नवरा नथू चैत्रात तापानं गेला. तेव्हापासून दीर रखमाजी तिच्या खाचरांवर डोळा ठेवून होता. चावडीसमोर चार माणसांत तो बोलून गेला होता, "औंदा लावणी झेपली तर जमीन तिची. पडीक ऱ्हायली तर मी कसनार, आन तिनं माझ्या घरात भाकरी खायाची." ती भाकरी कसली असणार, ते शालूला कुणी सांगायला नको होतं. जावेची धुणी, जावेची भांडी, आणि वर जन्माचे उपकार.

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्यापाशी रोप मागितलं. भिमाजी माणूस वाईट नव्हता, पण रीतभातीला गोचिडासारखा चिकटलेला.

"आपली लावणी उरकल्याबिगर दाढंतलं रोप घराभाईर द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "आबांनी कदी दिलं न्हाई, मी देनार न्हाई. बरकत जाती. उरलं तर ने."

उरलं तर! त्यांची दाढ दर साली बेतानंच पेरलेली असायची. उरणार कुठून?  सकाळी खाचरात पाय टाकल्या टाकल्या शालूनं उरवायला सुरुवात केली. जिथं सात-आठ काड्या एकत्र खोचायच्या, तिथं ती तीनच खोचू लागली, आणि रोपाच्या दोन चुडांच्या मध्ये चांगली वीतभर जागा सोडू लागली. म्हणून तर ती सगळ्या बायांच्या पुढं धावत होती.

धोंडाबाईनं वाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, "ह्ये भीमानं बघितलं तर?"

"बघू द्या."

"अगं, सोताच्या लेकरांच्या तोंडचा घास..."

"माझी लेकरं नाचनी खातील, मावशी. पर सरू कुनाच्या दारात भांडी घासनार न्हाई."

आई गेली तेव्हा सरू रांगत होती. शालूनंच तिला काखेला मारून वाढवलं. शालूचं लग्न झालं, तशी सरू पाठराखीण म्हणून भाज्याला आली आणि परत जायचं नावच घेईना. पाठराखिणीनं चार दिवस राहावं, तोंड गोड करून घरी जावं. ही बया भातं निसवून लोंब्या येईपर्यंत राहिली. विहिरीवर, गोठ्यात, सरपणाला, जिथं शालू तिथं ही. सासू रोज कुरकुरायची. शेवटी बाप न्यायला आला तेव्हा पोरीनं रडून गाव गोळा केलं. तीच सरू आता घर बुडायला आलं तरी निरोप धाडत नव्हती. शालूला त्याचाच सगळ्यात राग येत होता.

भिमाजी वरच्या अंगाला चिखलणी करत होता, त्यामुळं त्याला काही दिसलं नाही. दुपारच्या आत लावणी उरकली आणि दाढेत भाराभर रोप उरलं. तो बघतच राहिला.

"औंदा कसं काय उरलं?"

"बरकत," शालू म्हणाली. भारा डोक्यावर घेतला आणि आगगाडीच्या रुळाच्या कडेनं कुसगावची वाट धरली.

सरू शेजाऱ्याचे बैल मागून खाचरं चिखलून बसली होती. लावायला मात्र काही नव्हतं.

"आक्का, तू कशाला आलीस?"

"तू बोलावलं न्हाईस म्हनून."

सरूनं भारा उतरवून घेतला. "दाजींनी दिलं?"

"उरलं."

"तुमचं कदी उरत न्हाई, आक्का."

"लाव मुकाट्यानं."

दोघी वाकल्या. बांधावर रखमाजी इरलं घेऊन उभा होता. दिवस कलला तेव्हा रोप संपलं आणि घरामागचं खाचर तेवढं उघडं राहिलं.

"सकाळी नांगर घालतो त्यात," तो हसून म्हणाला. "त्येवढं तरी माझं."

दिवेलागणीला शालू घरी आली. भिमाजी उंबऱ्यात बसला होता.

"खालचं खाचर बघून आलो," तो म्हणाला. "हाताला लकवा झालता का? तीन-तीन काड्या?"

"मुद्दाम लावल्या. मारायचं तर मारा."

भिमाजीनं पागोळीखाली पाय धरून चिखल धुतला. मग घसा खाकरून म्हणाला, "तिचं समदं झालं का?"

"घरामागचं ऱ्हायलं. रखमाजी सकाळी नांगर घालनार हाय त्यात."

"मग घरी कशाला आलीस?"

"रोप संपलं न्हवं."

"आपल्यातलं मेलं तर मधल्या मोकळ्या नांग्या भराया दाढंच्या कोपऱ्यात थोडं रोप ठेवलंय, त्ये ने."

"आन आपल्या खाचराला?"

"आपल्या खाचरात तू नांग्याच लावून ठेवल्यात," तो खेकसला. "त्या भराया अख्खी दाढ पुरायची न्हाई. तांबडं फुटायच्या आत ऊठ. मी बी येतो. रखमाजीचा नांगर जरा जवळनं बघायचाय मला."

शालू ओल्या लुगड्यानं तशीच चुलीपुढं बसली आणि सकाळपासून आपण काही खाल्लं नाही, हे तिला तेव्हा आठवलं.