लग्नाची चीटी

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या चीटीत, म्हणजे भिशीत, लग्नाला आणि मयताला बोली नसते. एरवी असते. चाळीस बायका, महिन्याला हजार हजार रुपये, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बनशंकरीला लिंबाचे दिवे लावून आलं की विठाबाईंच्या हॉलमध्ये बैठक. जिला पैशाची नड ती म्हणणार, मी चाळीस हजारांच्या जागी पस्तीसच घेते. दुसरी म्हणणार, मी तेहतीस घेते. जिची नड मोठी तिचा तोटा मोठा, आणि तिनं सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेणार. असला हा देवळातून आल्यावरचा व्यवहार! पण कुणाकडे लग्न निघालं किंवा कुणी गेलं, तर सगळ्या तोंड मिटून बसतात आणि पुरे चाळीस हजार त्या बाईच्या पदरात पडतात. हप्ते तिनं मग फेडत राहायचे. लग्न खोटं निघालं तर मात्र पैसे त्याच दिवशी परत आणि बाई चीटीतून बाद. एका बाईनं तसं केलं होतं. तिला पुढं गल्लीत कुणी ताकसुद्धा घातलं नाही.

मी शालन. कानडी मुलखातल्या या मराठी गल्लीत ब्लाउज शिवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारायला येणाऱ्या बाईचं ब्लाउज मी मुद्दाम घट्ट शिवते. गल्लीत मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत भर दुपारी माझ्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. ओठ फुटलेला, साडीला चिखल. अकरा वर्षांनी बघत होते, तरी मी लगेच ओळखलं. माझ्या पाठचं भावंड होतं ते. गल्लीला ठाऊक होता तो उमाजी, माझा धाकटा भाऊ. आईच्या साडीत सापडला म्हणून सतराव्या वर्षी अप्पांचा मार खाऊन घराबाहेर पडला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही.

"अक्का," ती म्हणाली, "माझं नाव आता दिव्यश्री आहे."

"आधी आत ये," मी म्हटलं. "नाव कुठं पळून नाही जात."

ती बोम्मसंद्राला साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, बायकांच्या लाइनीत. गोळ्या घेऊन अंग बदललेलं, केस कमरेपर्यंत, चालणं माझ्यापेक्षा नीट. पण जबडा थेट अप्पांचा आणि भुवयांवरचं हाड पुढं आलेलं. होसूर रोडच्या बसस्टॉपवर पुरुषांनी तिला धरलं होतं, आणि ही तिसरी वेळ होती. मी तिच्या ओठाला हळद लावली.

"बाकी सगळं झाकता येतं ग," ती म्हणाली. "तोंड झाकून बसमध्ये कसं चढू? तोंड बघतात आणि मारतात. पुढच्या वेळी मी मरेन, अक्का."

तिनं एक डॉक्टर शोधून ठेवला होता. जयनगरच्या एका नर्सिंग होममध्ये स्कूटरवरून पडलेल्यांचे जबडे बसवायचा. तो म्हणाला होता, जबडा घासून लहान करतो, भुवईवरचं हाडही उतरवतो. पासष्ट हजार, आणि सगळे आधी, कारण असलं काम करून नंतर कुणाच्या मागं लागणार? तिनं सहा वर्षं एक वेळ जेवून पंचवीस जमवले होते. चाळीस कमी पडत होते.

आता मी बोली लावली असती तर हातात आले असते तेहतीस. तेहतीसमध्ये डॉक्टर काय एकाच बाजूचा जबडा घासणार होता? मार्चच्या शुक्रवारी मी विठाबाईंच्या हॉलमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या उमाजीचं लग्न ठरलंय."

सगळ्या माना वळल्या. विठाबाईंनी चष्मा वर केला. सत्तरीची विधवा, पण आवाज पोलिसाचा.

"अय्यो, आहे कुठं तो?"

"बोटीवर. परदेशी बोट. सहा सहा महिने पाण्यात."

"आणि मुलगी?"

"सोलापूरची."

"नाव?"

माझ्या डोक्यात एकच नाव होतं. "दिव्यश्री," मी म्हटलं.

कुणी बोली लावली नाही. विठाबाईंनी सुनेकडून नोटांना कुंकू लावून घेतलं, पुडकं माझ्या पदरात टाकलं आणि म्हणाल्या, "आई नाही तुमची. तूच त्याची आई ग शालन." मला त्या वेळी लाज वाटली, हे कबूल करते. पण बसस्टॉपवरच्या त्या पुरुषांना वाटली नव्हती, मग मीच का वाटून घ्यायची?

ऑपरेशन सात तास चाललं. नर्सिंग होमच्या कागदावर 'अपघात' लिहिलं. ती बाहेर आली तेव्हा तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, दात तारेनं बांधलेले, डोक्यावरून कानापर्यंत टाके. मी बोम्मसंद्राच्या तिच्या खोलीत दोन महिने राहिले. तोंडात नळी घालून रागीची पातळ पेज पाजायची. वेदनेनं तिचे डोळे वाहायचे, आणि रडलं तर टाके दुखायचे म्हणून ती मोकळं रडूही शकायची नाही. गल्लीत सांगून आले होते, सोलापूरला लग्नाला जाते.

जूनमध्ये सूज उतरली. तिनं आरशात बघितलं आणि जबड्यावरून बोट फिरवत राहिली. मीही बघत राहिले. अप्पा गेले होते त्या तोंडातून. आईची हनुवटी खालून वर आली होती. अहो, खोटं नाही सांगत, मी हुंदके देऊन रडले.

"घरी चल," मी म्हटलं.

"कोण म्हणून?"

"उमाजीची बायको म्हणून. लग्नाचे पैसे घेतलेत ना, मग बायको नको दाखवायला?" माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि वर माझी बहीण माझ्या घरात!

विठाबाई आधी रुसल्या, कारण जेवण बुडालं होतं. मी म्हटलं, मुलीचा आजोबा अंथरुणावर होता, देवळात उरकलं. मग दुसऱ्या दिवशी पंधरा बायका घेऊन त्या ओटी भरायला आल्या. नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. दिव्यश्री खाली मान घालून बसली होती. विठाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"देवानं फुरसतीनं घडवलंय ग हिला," त्या म्हणाल्या.

देवानं! पासष्ट हजार मोजले होते मी आणि तिनं. पण दिव्यश्री हसली. दात अजून पुरते उघडत नव्हते, तरी हसली.

त्यानंतरचे चार महिने ती घरात सुखानं राहिली. सकाळी केसांत मोगरा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. शुक्रवारी सवाष्णींच्या रांगेत बसून लिंबू अर्धं कापायची, साल उलटी करायची, तूप घालून दिवा लावायची. भाजीवाला "स्वल्प थांबा अक्का" म्हणाला की घरी येऊन मला सांगायची, अक्का म्हणाला मला. रात्री दार लावताना कडी दोनदा बघायची तिची सवय होती, तीही ऑगस्टपर्यंत गेली.

गौरी-गणपतीला विठाबाईंचा जावई संताजी मुंबईहून आला. तो बंदरात नोकरीला.

"बोटीचं नाव सांगा मावशी," तो मला म्हणाला. "दोन दिवसांत माणूस शोधून देतो."

मी म्हटलं, नाव इंग्रजी आहे, आठवत नाही. पण विठाबाई आता हट्टाला पेटल्या. एवढी सोन्यासारखी पोर घरात आणून टाकली आणि साधं पत्र नाही? "बाहेर कुणी ठेवली असेल मेल्यानं," त्या म्हणायच्या. "चाळीस जणींचं कुंकू लावलेले पैसे आहेत त्या लग्नात. चाळीस जणी मिळून ओढून आणू त्याला." द्वेषानं नव्हतं हो. त्या दिव्यश्रीसाठी भांडत होत्या. तेच माझ्या जिवावर उठलं होतं. आठवड्याला एक चौकशी, उमाजीचा फोटो द्या, शाळेचा दाखला द्या. फोटो! उमाजीचा फोटो बघून कुणी शेजारी बसलेल्या दिव्यश्रीकडं बघितलं असतं तर?

मग मला तो नियम आठवला. लग्नाला आणि मयताला. लग्नानंतर चौकशा संपत नाहीत, पण मेलेल्या माणसाला कोण शोधतं? बोटीवर ताप आला, गेला, समुद्रातच सोडला. प्रेत नाही, स्मशान नाही. एकटी बाई मी, नवरा कधी पाहिला नाही, सासर कधी पाहिलं नाही. मशीन चालवता चालवता ठरवलं आणि ऑक्टोबरच्या शुक्रवारी बैठकीत पदर तोंडाला लावून सांगून मोकळी झाले, "तार आली. आमचा उमाजी गेला."

हॉलमध्ये रडारड झाली. मीसुद्धा रडले, आणि गंमत म्हणजे खरं रडले.

घरी आले तेव्हा दिव्यश्री मोगरा ओवत होती. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "सुटलो ग. मारून टाकला त्याला. आता कुणी विचारणार नाही."

तिच्या हातातला दोरा थांबला.

"सरी, बरं," ती म्हणाली. "तो मेला. मग मी कोण, अक्का?"

मला कळलंच नाही आधी. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू मला तेव्हा दिसलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. तिनं माझा हात धरला.

"पळ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता पळ. बोम्मसंद्राला जा, मी सांगते माहेरी गेली."

"माझं माहेर कुठलं, अक्का?" ती म्हणाली. "हेच. तिथं खोलीत मी एकटी असते. इथं मला लोक अक्का म्हणतात." मग म्हणाली, "आणि मी गेले तर संताजी पुन्हा शोधायला लागेल. तुला गल्ली सोडावी लागेल. करू दे त्यांना काय करायचंय ते."

विठाबाईंना मी सांगून बघितलं, आता दिवस बदललेत, पोर लहान आहे, तिचं कुंकू-बांगड्या राहू द्या. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मला का हौस आहे, शालन? पण नाही केलं तर गेलेल्याचा जीव सुटत नाही."

दहाव्या दिवशी चीटीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. आमच्याकडं आधी नटवतात. शेवटचं एकदा, नवरीसारखं. कुणी हिरवी साडी आणली, कुणी जाईचे गजरे, कुणी कोपरापर्यंत बांगड्या. चौरंगावर बसवून तिच्या तोंडाला हळद लावली. एकेक बाई पुढं येत होती आणि दोन्ही हातांनी गालावरून, जबड्यावरून, भुवयांवरून हळद फिरवत होती. "कसं ग हे तोंड, आणि कसं हे नशीब," म्हणत होती. अशी नटलेली नवरी व्हायचं तिनं आठव्या वर्षापासून मनात धरलं होतं, मला माहीत होतं. झाली. आरसासुद्धा दाखवला एकीनं.

मग विठाबाई पुढं आल्या. गजरा ओढला. दोन्ही मनगटं धरून दगडावर आपटली, आणि एक काच तिच्या हातात घुसली. मग ओला पंचा घेऊन कपाळ पुसायला लागल्या. जोर करून पुसत होत्या, आणि केसांच्या कडेला त्यांचं बोट अडलं.

"हे काय ग? एवढा मोठा व्रण?"

"लहानपणी पडली होती," मी म्हटलं.

"बिचारी," विठाबाई म्हणाल्या, आणि राहिलेलं पुसून काढलं.

दिव्यश्रीनं हूं की चूं केलं नाही. बायकांना वाटलं, धक्का बसलाय. पांढरी साडी नेसवून तिला आतल्या खोलीत बसवलं आणि सगळ्या आंघोळीला गेल्या.

मी आत गेले. हातातली काच काढली, हळद दाबली. मला तिच्या पाया पडायचं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्यासारखीच्या तोंडातून!

"अक्का," ती हळूच म्हणाली, "चाळीस जणींनी माझ्या तोंडाला हात लावला. एकीच्याही हाताला काही लागलं नाही ना?"

"नाही ग."

"डॉक्टरनं चांगलं काम केलं," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू आलं.

माझे हप्ते अजून अठरा महिने आहेत. दर पहिल्या शुक्रवारी हजार रुपये घेऊन मी जाते. दिव्यश्रीही येते, कुणी तिला मारत नाही, सगळ्या सरकून जागा देतात. बैठक सुटली की विठाबाईंची सून कुंकवाचं ताट फिरवते. लग्न न झालेली मी, तरी मला लावते. मग दिव्यश्रीच्या समोर येते, ताट जरासं बाजूला धरते, आणि पुढच्या बाईकडं जाते.