तारेखालचा बांबू

विमान पडलं तेव्हा मी शेवंती तोडत होते. आमच्या खुटबावच्या माळावर विमान शिकवायची शाळा निघाल्यापासून ती लहान विमानं सारखी डोक्यावरून उतरतात, कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी मात्र चाक विजेच्या तारेत अडकलं, तार तुटली आणि विमान आमच्या उसात तोंडावर आपटलं.

आत एकटी अपेक्षा होती, त्या शाळेत शिकणारी, कासुर्डीच्या माळ्याची एकोणीस वर्षांची पोर. हात मोडला, पण वाचली. मीच तिला ओढून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा मॅनेजर दारात हजर. म्हणाला, पोरगी फार खाली आली, तिला आम्ही काढून टाकतोय. तुम्ही पाहिलंय, तर एवढी सही करा.

पाहिलं तर होतंच. केलंही मीच होतं.

आमच्या रानावरची तार इतकी लोंबते की उसाची भरलेली ट्रॉली तिला अडकते. वीजवाल्यांना तीन अर्ज दिले, कुणी फिरकलं नाही. मग सगळा गाव करतो तेच मी केलं. लाइट गेल्यावर टोकाला बेचकं असलेला बांबू लावून तार पुरुषभर वर चढवली. ट्रॉली गेली की बांबू काढायचा असतो. शेवंतीच्या गडबडीत मी विसरले. दोन दिवसांनी विमान पडलं.

माझ्या दिरानं, बाळासोनं, बांबू त्याच संध्याकाळी गोठ्यात लपवला. "वैनी, सही करा आन् मोकळं व्हा. आपल्याला काय करायचंय?"

मला रात्रंदिवस त्या पोरीचं तोंड दिसत होतं. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा वीजवाल्यांचा रागच जास्त येत होता.

चौथ्या दिवशी चौकशीचे साहेब बांधावर आले. प्लास्टरमधला हात घेऊन अपेक्षा मान खाली घालून उभी होती. मी गोठ्यात गेले, बांबू आणला आणि साहेबांच्या पुढ्यात टाकला.

"ह्यो मी लावलाय. अनिता हरिबा थोरात. पोरगी रोज जिथनं यायची तिथनंच आली. तार तिच्या जागेवर नव्हती."

बाळासोनं कपाळावर हात मारला. मॅनेजर म्हणाला, "ताई, तुमच्यावर केस होईल."

"व्हऊ द्या की! पर तिच्या माथी मारू नका. आन् केसला हे वीजवाल्यांना दिलेले तीन अर्ज बी जोडा, पोचेच्या शिक्क्याचे हायेत."

साहेबांनी अर्ज वाचले, मग वर पाहिलं. तुटलेली तार दुसऱ्याच दिवशी जोडून झाली होती. होती तशीच लोंबत होती.

"बांबू गाडीत टाका," साहेब शिपायाला म्हणाले.

मी बांबूवर पाय ठेवला. अपेक्षानं पहिल्यांदा मान वर केली.

"न्या की सायेब. पर उद्या सकाळी माझी ट्रॉली जाणार हाय. तार कोण उचलणार, तेवढं आधी लिवून द्या."