आईचा अंगठा

सिस्टरचं डोकं तापलं ते एका मोज्यावरून. आईचा मोजा धुवायला उचलला, तर आत हिरवा चोथा आणि कुबट वास. बारा वर्षं दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये रोज चाळीस-पन्नास जखमा धुणारी बाई ती, तिला काय सांगायला लागतंय? आईला साखरेचा आजार, पायाला जखम, आणि त्यावर झाडपाला! आणि तेही हिच्याच घरात!

"कुणी लावलं हे?"

"पाल्यावाल्या काकांनी," आई पुटपुटली. "तीन आठवडे झाले."

"चल. आत्ताच्या आत्ता. त्या भोंदूला तोंडावर बोलते."

पाल्यावाला गल्लीच्या टोकाला एका खोलीत बसायचा. उंबऱ्यातूनच सिस्टरने तोंडाचा पट्टा सोडला, "लाज नाही वाटत? माझ्या आईचा पाय सडवताय!" म्हाताऱ्याने आईला स्टुलावर बसवलं आणि कोमट पाण्याने सावकाश लेप काढला. खाली अंगठा काळा पडला होता.

"काल चुरचुरत होतं. आज?" त्याने आईला विचारलं.

"आज काहीच कळत नाही. आणि त्या साखरेच्या गोळ्या मी बंद केल्यात. चक्कर यायची हो."

एका छपराखाली राहून यातला एक शब्द सिस्टरच्या कानावर आला नव्हता.

"हे माझ्या हातातलं नाही," म्हातारा म्हणाला. "पहिल्याच दिवशी यांना सांगितलं, दवाखान्यात जा."

"मग लेप कशाला थापत बसलात?"

"नसता लावला तर या परत आल्या नसत्या. निदान रोज पाय तरी धुतला जायचा."

"धुतला जायचा म्हणे! तीन आठवडे धुतलात आणि बोट घालवलंत! मी याच गल्लीत राहते, मला येऊन सांगायला काय झालं होतं?"

म्हातारा आईच्या पायाला कोरडं फडकं गुंडाळू लागला.

"त्यांना नको बोलूस," आई म्हणाली. "मी आले होते गं तुझ्याकडे. गेल्या मंगळवारी, दवाखान्यात. माझ्या आधी एक म्हातारी होती. तू तिला म्हणालीस, 'इतके दिवस झोपा काढत होतात का? आता रडून काय उपयोग?' ती बिचारी अगदी कानकोंडी झाली. मग मी उठून आले."

सिस्टरला ती म्हातारी आठवेना. असं ती दिवसाला दहा जणांना सुनवायची, आणि त्यांच्या भल्यासाठीच सुनवायची. राग होता तसाच होता, फक्त आता तो काढायचा कुणावर ते कळेना.

ती आईला तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेली. केसपेपरवर 'झाडपाल्याचा लेप' वाचून डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "पालापाचोळा लावून आलात ना? अडाणीपणा कधी जायचा तुमचा?"

आईने खाली बघितलं.

"डॉक्टर, आधी पाय बघा," सिस्टर म्हणाली. "अक्कल मग शिकवा."

डॉक्टर चमकले, पण त्यांनी पाय बघितला. अंगठा काढावा लागणार होता. आणखी आठवडाभर कुणी बघितलं नसतं, तर पाऊल गेलं असतं.

ऑपरेशनआधी जखम साफ करायची होती. सिस्टरने हातमोजे चढवले. तिचा संताप अजून उतरला नव्हता. म्हाताऱ्याचा राग, डॉक्टरांचा राग, आईचाही राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने चिमट्यात कापूस धरला आणि वाकली.

"मी अगदी गप्प बसेन," आई हळूच म्हणाली. "फक्त ओरडू नकोस हं."

"मी कुठे ओरडतेय!" सिस्टर एवढ्या जोरात म्हणाली, की आईने पाय मागे घेतला.